वनस्पतींची रोगप्रतिकारशक्ती
झाडाला ना रक्त, ना अंगभर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि पळून जायची तर सोयच नाही, त्यामुळे जंतू ज्या पेशीला भिडला तिलाच लढावं लागतं.

पहिला पहारा पेशीच्या पडद्यावर. तिथले रिसेप्टर, म्हणजे जंतूची चाहूल घेणारी प्रोटीन्स, अख्खा जंतू ओळखत बसत नाहीत, त्याचा एखादा तुकडा पुरतो. बॅक्टेरियाच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रोटीन घ्या, त्यातला जेमतेम २२ अमिनो ॲसिडचा तुकडा एफएलएस२ या रिसेप्टरला चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं तयार होतात, मग भिंतीला आतून कॅलोज या साखरेच्या साखळ्यांच्या पदार्थाचा गिलावा बसतो. बुरशी असेल तर तिच्या भिंतीतल्या कायटिन या पदार्थावरून ओळख पटते. पानावरची छिद्रंही मिटतात, कारण बरेच बॅक्टेरिया तिथूनच आत घुसतात. पण स्यूडोमोनास सिरिंजी हा बॅक्टेरिया महाबिलंदर, त्याचे काही प्रकार झाडाच्याच हार्मोनची नक्कल असलेलं कोरोनाटिन सोडून ती छिद्रं परत उघडून घेतात!

शिवाय हे बॅक्टेरिया सुईसारख्या नळीतून पेशीत इफेक्टर नावाची प्रोटीन्स टोचतात, ती हा सगळा अलार्म बंद पाडतात. त्यावर उतारा म्हणजे पेशीच्या आतली एनएलआर नावाची पहारेकरी प्रोटीन्स, आणि खरी गंमत इथेच आहे. अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात आरपीएस२ हे एनएलआर चोराला बघतच नाही, ते रिन४ या दुसऱ्या प्रोटीनवर डोळा ठेवून असतं, इफेक्टरने रिन४ कापलं की हे जागं होतं. म्हणजे चोराचा चेहरा माहीत नसला तरी कुलूप तुटलेलं कळतं. झार१ या एनएलआरची रचना २०१९ मध्ये उलगडली, तेव्हा दिसलं की पाच प्रोटीन्स जोडून चाक बनतं; ते पडद्यात रुतून कॅल्शियमला वाट करून देतं, हे २०२१ मध्ये कळलं. शेवटी पेशी स्वतःच मरते आणि जंतू तिथेच अडकतो. पानावर दिसतो तो फक्त तपकिरी ठिपका.

बाकीच्या पानांनाही खबर लागते, त्यात सॅलिसिलिक ॲसिड या हार्मोनचा मोठा वाटा. व्हायरसची गोष्ट वेगळी, त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय संदेशाची साखळी, कापून झालेले २१ ते २४ अक्षरांचे तुकडेच त्याच्याविरुद्ध वापरले जातात.

मग झाडं हे सगळं कायम चालूच का ठेवत नाहीत? तर ज्या म्युटंट (जनुकात बदल झालेल्या) रोपांत ते चालूच राहतं ती बऱ्याचदा खुरटी राहतात.