डूम तीस वर्षांनंतरही का खेळला जातो

10 डिसेंबर 1993 ला आयडी सॉफ्टवेअर या टेक्सासमधल्या छोट्याशा कंपनीने डूम या राक्षसांवर गोळ्या झाडायच्या कॉम्प्युटर गेमचा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी सर्व्हरवर (म्हणजे जिथून लोक फाइल्स उतरवून घेत त्या मशीनवर) चढवायला घेतला आणि गंमत म्हणजे त्यांनाच आत शिरता येईना, कारण गेमची वाट बघणाऱ्यांनी सर्व्हर आधीच भरून टाकला होता. मग ॲडमिनकडून मर्यादा वाढवून घेतली, फाइल कशीबशी चढली, आणि सगळे एकदम तुटून पडल्यावर सर्व्हर बसलाच. हा किस्सा सगळे सांगतात आणि पुढे "त्या काळात ग्राफिक्स भारी होते ना" म्हणून विषय संपवतात. पण ग्राफिक्सचं काय घेऊन बसलात, 1996 ला आयडीनेच क्वेक हा पुढचा गेम काढून स्वतःच्या डूमला म्हातारं करून टाकलं, तरी डूमचे नवे नकाशे, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या लेव्हल्स, आजही निघतायत. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं.

थोडं मागे जाऊ. मे 1992 ला याच लोकांचा वुल्फेनस्टाइन 3डी हा गेम आला होता. त्यात सगळ्या भिंती एकाच उंचीच्या, सगळे कोपरे काटकोनात, उजेड सगळीकडे सारखाच. डूमसाठी आयडीचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅकने बायनरी स्पेस पार्टिशनिंग नावाची पद्धत वापरली, म्हणजे नकाशाचे तुकडे आधीच पाडून ठेवायचे, मग खेळताना कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे मशीनला दर वेळी नव्याने शोधत बसावं लागत नाही. त्यामुळे तेव्हाच्या 486 प्रोसेसरच्या कॉम्प्युटरवर जिने, खिडक्या, तिरक्या भिंती, अंधारे कोपरे हे सगळं पळायला लागलं. पण एक मर्यादा राहिली, एका खोलीच्या वर दुसरी खोली बांधता येत नाही. वरखाली बघताही येत नाही, समोरचा उंचावर असला तर गोळीच आपोआप तेवढी वर जाते.

लोक याला उणीव म्हणतात. मला तर वाटतं डूम टिकला तो यामुळेच, कारण नकाशा शेवटी कागदावर रेघा मारल्यासारखाच राहिला. रेघा ओढायच्या, मधल्या जागेला जमिनीची आणि छताची उंची द्यायची, उजेड किती ते ठरवायचं, झाली खोली. एखाद्या हौशी पोराला हे एका संध्याकाळीत जमतं. पुढच्या पिढीतल्या गेम्समध्ये तेच काम इतकं किचकट झालं की एकट्याने करायची सोयच राहिली नाही.

आणि ही दारं मुद्दाम उघडी ठेवलेली होती बरं का. वुल्फेनस्टाइनच्या फाइल्स फोडून लोक स्वतःच्या लेव्हल्स बनवत होते हे कार्मॅकने बघितलं, आणि चिडण्याऐवजी डूममध्ये नकाशे, चित्रं, आवाज सगळं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळं काढून वॅड फाइलमध्ये ठेवलं. कंपनीत सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. पण 1994 च्या सुरुवातीलाच चाहत्यांनी बनवलेला डीईयू हा नकाशे बनवायचा एडिटर आला, तोही आयडीच्या मदतीशिवाय, आणि मग पूरच आला. 1996 च्या फायनल डूममधला टीएनटी हा भाग तर इंटरनेटवर जमलेल्या चाहत्यांच्या टोळीनेच बनवलेला, फुकट वाटायच्या बेतात होते तेवढ्यात आयडीने विकत घेतला.

आता हे सगळं खरं असलं तरी खेळायलाच मजा नसती तर नकाशे कोण बनवणार. डूमची खरी करामत राक्षसांच्या वाटणीत आहे. इम्प आगीचा गोळा फेकतो, तो येताना दिसतो आणि बाजूला सरकून चुकवता येतो. बंदूकवाल्या सैनिकाची गोळी मात्र सुटली की लागली, तिला चुकवणं नाही, भिंतीआडच जायचं. गुलाबी डीमन नुसता अंगावर येऊन चावतो, म्हणजे तो मारण्यापेक्षा वाट अडवण्याचंच काम जास्त करतो. यातले कुठलेही दोन एका खोलीत टाका, वेगळंच कोडं तयार होतं. वर आणखी एक, इम्पचा गोळा चुकून डीमनला लागला की डीमन तुम्हाला सोडून इम्पच्या मागे लागतो. गोळ्या संपल्यावर मुरलेला खेळाडू काय करतो तर दोघांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, इम्पने फेकलं की सरकतो, आणि पुढची मारामारी कोपऱ्यातून बघतो.

कथा म्हणाल तर नावापुरतीच. आयडीच्या टॉम हॉलने डूम बायबल म्हणून मोठं कथानक लिहिलं होतं, ते जवळजवळ सगळं बाजूला पडलं आणि 1993 मध्येच तो कंपनीतून बाहेर पडला. जे झालं ते बरंच झालं, कथेसाठी कोणी तीस वर्षं थांबत नाही. नेटवर्कवर एकमेकांना मारायच्या खेळाला डेथमॅच हे नाव आयडीच्याच जॉन रोमेरोने दिलं आणि गेमच्या पहिल्या व्हर्जनने ऑफिसांची नेटवर्क्स इतकी तुंबवली की काही ठिकाणी थेट बंदीच आली.

23 डिसेंबर 1997 ला सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, बाहेर आला, आणि 1999 मध्ये जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कोणीही बदलून वाटावा अशा परवान्याने. मूळ डॉस आवृत्तीतला आवाजाचा कोड दुसऱ्याच्या मालकीचा, तो वाटता येत नव्हता, म्हणून त्याऐवजी लिनक्सची आवृत्ती दिली गेली आणि उरलेलं लोकांनी जोडून घेतलं. कॅल्क्युलेटरपासून ट्रॅक्टरच्या स्क्रीनपर्यंत डूम चालवायचं वेड तिथून पसरलं (2020 मधली गर्भचाचणीच्या किटवाली करामत फार गाजली, पण त्यात आतली चिप आणि स्क्रीन दोन्ही बदललेलं होतं, तेव्हा तेवढं सोडून द्या).

कोडमध्ये एक छोटी गोष्ट सापडते, डूमचे रँडम आकडे खरे रँडम नाहीतच, 256 आकड्यांचा ठरलेला तक्ता आहे आणि तोच पुन्हा पुन्हा फिरतो. म्हणजे तीच बटणं त्याच क्षणी दाबली की नेमकं तेच घडणार. म्हणून डेमो फाइलमध्ये, म्हणजे खेळाच्या रेकॉर्डिंगमध्ये, व्हिडिओ नसतो, फक्त खेळाडूने काय काय दाबलं तेवढंच असतं, आणि नव्वदच्या दशकातला डेमो आजच्या नीट बनवलेल्या पोर्टवर (नव्या मशीनसाठी केलेल्या आवृत्तीवर) जसाच्या तसा चालतो. वेगात खेळणाऱ्यांची जमात याच्यावरच उभी राहिली, कारण विक्रम कोणालाही तपासता येतो. पहिल्या लेव्हलचा विक्रम 1998 मध्ये 9 सेकंदांवर आला आणि तिथेच अडकला. घड्याळ पूर्ण सेकंदच दाखवतं, त्यामुळे थोडंसं वाचवून भागत नव्हतं. 2019 मध्ये एकाने 8 करून दाखवले.