सिरॅक्यूज : स्थलदर्शन

सिरॅक्यूज (इटालियन उच्चार सिराकूझा) : सिसिली बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्राचीन बंदर-शहर आणि त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सव्वा लाखापेक्षा थोडी कमी. शालेय विज्ञानामुळे मराठी वाचकाला हे गाव आर्किमिडीजचे म्हणून माहीत असते. रोमन वक्ता सिसेरो याने मात्र ते ग्रीक नगरांतील सर्वांत मोठे व सर्वांत सुंदर म्हणून वर्णिले आणि त्याचे बेट, आक्रादिना, तिखे व नेआपोलिस असे चार भाग सांगितले. आजच्या प्रवाशाला त्यांपैकी दोनच भाग प्रामुख्याने पाहायचे असतात : ऑर्तीजिया हे बेट (पुलांनी मुख्य भूमीशी जोडलेले) आणि नेआपोलिसचा पुरातत्त्वीय परिसर. सिरॅक्यूज व जवळच्या पांतालिका येथील खडकातील दफनभूमी यांचा युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत एकत्र समावेश केला.

स्थापना : ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझने दिलेल्या कालक्रमानुसार कॉरिंथच्या आर्कियास याने इ. स. पू. ७३४–७३३ च्या सुमारास ऑर्तीजियावरील सिसेल (सिसिलीतील स्थानिक) लोकांना हुसकावून वसाहत केली. इतर प्राचीन कालगणनांमध्ये हे साल दोन-चार वर्षे मागेपुढे होते. ऑर्तीजियावर सापडलेली सर्वांत जुनी ग्रीक मृत्पात्रे इ. स. पू. ८व्या शतकाच्या उत्तरार्धातील असल्याने थ्यूसिडिडीझचा काल स्थूलमानाने ग्राह्य धरण्यास हरकत नाही. ग्रीक थराखाली त्यापूर्वीच्या स्थानिक झोपड्यांचे अवशेष मिळाले असून, वसाहतीपूर्वी येथे वस्ती होती हे त्यावरून निश्चित होते. ऑर्तीजिया हे नाव लावा पक्ष्याच्या ग्रीक नावावरून आले. सिरॅक्यूज हे नाव सिराको नावाच्या दलदलीवरून पडले, असे प्राचीन लेखक सांगतात. ती व्युत्पत्ती परंपरागत म्हणूनच घ्यावी.

अपोलोचे मंदिर : मुख्य भूमीवरून पूल ओलांडून बेटावर आल्यावर थोड्याच अंतरावर हे भग्नावशेष लागतात. जमिनीची पातळी शतकानुशतके चढत गेल्यामुळे ते आजच्या रस्त्याच्या खाली आहेत आणि कठड्याला टेकून वरून पाहावे लागतात. शेजारीच रोजचा मासळी-भाजीचा बाजार भरतो. सिसिलीतील दगडी डोरिक (साध्या शीर्षांच्या भक्कम खांबांच्या ग्रीक शैलीतील) मंदिरांत हे सर्वांत जुने मानले जाते. काल बहुधा इ. स. पू. ६व्या शतकाचा प्रारंभ. दर्शनी बाजूस ६ व लांबीच्या बाजूस १७ खांब होते. प्रत्येक खांब एकाच अखंड दगडाचा असून खांब एकमेकांच्या इतके जवळ आहेत की, दगडी तुळई किती अंतर पेलेल याचा अंदाज बांधणाऱ्यांना अद्याप आला नव्हता असे दिसते. लाकडातून दगडाकडे वळणाऱ्या स्थापत्याची ती पहिली, जपून टाकलेली पावले होत.

या मंदिराचे खरे महत्त्व पूर्वेकडील सर्वांत वरच्या पायरीवर कोरलेल्या एका ओळीत आहे. ग्रीक मंदिरावर बांधणाऱ्याचे नाव सहसा नसते; येथे ते आहे. क्निदिएइदासचा मुलगा क्लेओमेनेस याने अपोलोसाठी हे केले, इतका अर्थ बहुतेकांना मान्य आहे. वाद पुढच्या शब्दांचा आहे. अक्षरे झिजलेली आहेत व शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. एका वाचनानुसार तेथे एपिक्लेस हे दुसरे व्यक्तिनाम असून खांबांचे श्रेय त्याला दिलेले आहे. दुसऱ्या वाचनानुसार तेथे व्यक्तिनाम नसून क्रियापद आहे, म्हणजे खांबही क्लेओमेनेसनेच उभे केले. शेवटी येणारे ‘सुंदर कामे’ हे शब्द खांबांना उद्देशून आहेत, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. क्लेओमेनेस कोण, हाही प्रश्न शिल्लक राहतो. तो वास्तुविशारद असेल, कंत्राटदार असेल, किंवा नगराच्या वतीने देखरेख करणारा अधिकारीही असेल. ओळ मंदिराच्या दर्शनी पायरीवर, येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशी कोरलेली असल्याने तो साधा कारागीर नसावा, हे मत प्रस्तुत नोंदकाराला अधिक संभवनीय वाटते. तो कोणीही असो, अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी आपल्या खांबांचा इतका अभिमान बाळगला की तो दगडात लिहून ठेवावासा वाटला. कठड्यावरून ही ओळ शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सिसेरोने बेटावरील दोन श्रेष्ठ मंदिरे डायना (आर्टेमिस) व मिनर्व्हा (अथीना) यांची म्हणून सांगितल्यामुळे हे मंदिर पूर्वी डायनाचे समजले जाई. कोरीव लेखाने ते अपोलोचे ठरले. दोन्ही भावंडांची पूजा येथे एकत्र होत असावी, असे म्हणून काहींनी मेळ घातला आहे. परंतु अथीनाच्या मंदिरालगत एका अपूर्ण आयॉनिक (वळेदार शीर्षांच्या सडपातळ खांबांच्या शैलीतील) मंदिराचा पाया सापडला असून ते आर्टेमिसचे मानले जाते. त्यामुळे या तडजोडीची गरज उरत नाही. अपोलोच्या मंदिराचे पुढे बायझंटिन चर्च, मशीद, नॉर्मन चर्च आणि स्पॅनिश लष्कराची बराक असे रूपांतर होत गेले. या प्रत्येक वापराच्या खुणा भिंतींवर आहेत.

कॅथीड्रल (अथीनाचे मंदिर) : सिरॅक्यूजमध्ये एकच वास्तू पाहण्याइतका वेळ असेल तर ती ही. हिमेरा येथे इ. स. पू. ४८० मध्ये कार्थेजचा पराभव केल्यानंतर गेलॉन या सत्ताधीशाने ६ × १४ खांबांचे हे डोरिक मंदिर उभारले. त्याच्या माथ्यावरील अथीनाची ढाल समुद्रावरून दिसे आणि बंदर सोडणारे खलाशी ती दृष्टीआड झाली की मध व धूप असलेले पात्र समुद्राला अर्पण करत, अशी नोंद प्राचीन वाङ्मयात आढळते. सोने व हस्तिदंताने मढवलेली दारे आणि भिंतींवरील चित्रे रोमन प्रांताधिपती व्हेरीस याने लुटून नेली. सिसेरोने त्याच्यावर चालवलेल्या खटल्यातील भाषणांमुळे त्यांचे वर्णन तरी उरले.

बहुधा ७व्या शतकात, बिशप झोसिमस याच्या काळात, मंदिराचे कॅथीड्रल झाले. रूपांतराची रीत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. ग्रीक मंदिरात बाहेर खांबांची रांग आणि आत देवाच्या खोलीच्या भरीव भिंती असतात. ख्रिस्ती उपासनेला याच्या नेमके उलट हवे होते : बाहेर भरीव भिंत आणि आत मोकळा, माणसे सामावणारा दालन. म्हणून बाहेरच्या खांबांमधील जागा दगडांनी चिणून भिंत केली आणि आतील भिंतींमध्ये प्रत्येक बाजूस आठ कमानी कापून त्यांचे खांब केले. ना काही पाडले, ना फारसे नवे आणले. उत्तरेकडील अरुंद गल्लीत उभे राहिले की हे सारे एका नजरेत कळते. भिंतीतून डोरिक खांबांचे पन्हळी अंग अर्धे बाहेर डोकावते, वर खांबशीर्षे दिसतात आणि त्यांतील काही भूकंपांच्या धक्क्यांनी आपल्या जागेवरून सरकलेली आहेत. त्याच भिंतीवर पुढे मध्ययुगीन तटकोट चढला. अघलबी अरबांनी ८७८ मध्ये शहर घेतल्यानंतर येथे मशीद होती असे सांगतात. तिचा प्रत्यक्ष पुरावा तुटपुंजा आहे. नॉर्मनांनी १०८५–८६ च्या सुमारास शहर जिंकल्यावर पुन्हा ख्रिस्ती उपासना सुरू झाली. ११ जानेवारी १६९३ च्या महाभूकंपात दर्शनी भाग कोसळला आणि आजचा बरोक दर्शनी भाग आंद्रेआ पाल्मा याच्या आराखड्यानुसार १७२८ नंतर उभा राहिला. आत उजव्या हातच्या पहिल्या दालनात बाप्तिस्म्याचे कुंड आहे : मुळात ग्रीक संगमरवरी पात्र, खाली १३व्या शतकातील सात छोटे ब्राँझचे सिंह.

आरेथुसाचा झरा व पपायरस : बेटाच्या पश्चिम काठावर, समुद्रापासून हाताच्या अंतरावर, गोड्या पाण्याचा म्हणून प्राचीन काळापासून ख्यात असलेला हा झरा आहे. नदीदेव आल्फेउसपासून पळणारी अप्सरा आरेथुसा ग्रीसमधून समुद्राखालून येथे प्रकटली, अशी कथा आहे. झऱ्याच्या तळ्यात पपायरसचे झुबके वाढतात. शहराबाहेरील च्याने नदीच्या काठीही ते विपुल असून तो भाग १९८४ पासून राखीव आहे.

हा पपायरस येथे आला कोठून, याविषयी तीन मते आहेत. पहिले, स्थानिक लोकांना प्रिय असलेले मत असे की, सिरॅक्यूजचा राजा हिएरॉन दुसरा (इ. स. पू. ३रे शतक) याला ईजिप्तच्या टॉलेमी राजाने तो भेट पाठवला. हिएरॉनने आपले प्रचंड जहाज अलेक्झांड्रियाला भेट दिल्याची नोंद आहे, त्यामुळे दोन्ही दरबारांचे सख्य खरे. पण त्यात पपायरसच्या रोपांचा उल्लेख नाही. दुसरे मत अरबांनी तो आणल्याचे. १०व्या शतकातील प्रवासी इब्न हौकल याने पालेर्मोजवळ पपायरस पाहिल्याचे लिहिले आहे. त्याचे बहुतेक दोर होत आणि थोड्याचा सुलतानासाठी कागद होई. तिसऱ्या मतानुसार वनस्पती मुळातच येथील. सिरॅक्यूजच्या पपायरसविषयी प्राचीन ग्रंथकार गप्प आहेत. सगळ्या गोष्टींविषयी लिहिणाऱ्यांनी नेमके एवढेच वगळावे हे पटत नाही. त्यामुळे मध्ययुगीन आगमनाचे मत तूर्त अधिक सुरक्षित वाटते. १८व्या शतकाच्या अखेरीस साव्हेरिओ लांदोलिना या स्थानिक विद्वानाने प्राचीन पद्धतीने पपायरसचा कागद पुन्हा बनवला आणि त्यातून शहरात एक छोटा हस्तव्यवसाय रुजला.

बेटावरील इतर स्थळे : दक्षिण टोकाशी सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३२–४० मध्ये बांधलेला चौरस मानियाचे किल्ला आहे. त्याचे नाव त्याहून जुने असून १०३८ मध्ये शहर काही काळ परत घेणाऱ्या बायझंटिन सेनापतीवरून पडले. दरवाजाजवळच्या दोन ब्राँझ मेंढ्यांपैकी एक पालेर्मोच्या संग्रहालयात आहे, दुसरा नाहीसा झाला. जुन्या ज्यू वस्तीत एका वाड्याखाली खडकात खोदलेले स्नानकुंड (मिक्वे) आहे. काही अभ्यासक ते बायझंटिन काळाइतके जुने मानतात. १४९२ च्या हद्दपारीच्या हुकमाने ही वस्ती संपली. बेल्लोमो वाड्यात आंतोनेल्लो दा मेस्सिना याचे १४७४ चे ‘अनन्सिएशन’ (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो प्रसंग) आहे. चित्र बरेच खराब झाले असूनही पाहावे.

नेआपोलिस : ग्रीक नाट्यगृहाचा व्यास सुमारे १३८ मीटर असून आसनांच्या ६७ रांगा जवळजवळ सर्व मूळ खडकातच कोरलेल्या आहेत. ग्रीक नाटककार एस्किलस सिरॅक्यूजला आला होता व त्याची नाटके येथे झाली हे मान्य आहे. आजचे रूप मात्र मुख्यत्वे हिएरॉन दुसरा याच्या काळातील, इ. स. पू. ३ऱ्या शतकातील आहे. मधल्या भिंतीवर झ्यूसबरोबर हिएरॉन, राणी फिलिस्तिस व सून नेरेइस यांची नावे वाचता येतात. १६व्या शतकात स्पॅनिश अंमलदारांनी बेटाच्या तटबंदीसाठी रंगमंचाचे दगड उचलून नेले. १९१४ पासून येथे ग्रीक नाटकांचे प्रयोग होतात. हंगाम मेपासून सुरू होतो. त्या काळात आसनांवर लाकडी फळ्या बसवतात. कोरीव खडक पाहायचा असेल त्याने इतर महिन्यांत यावे, नाटक पाहायचे असेल त्याने फळ्यांची तक्रार करू नये. जवळच हिएरॉनची सुमारे १९८ मीटर लांबीची वेदी आणि रोमन प्रेक्षागार आहे.

नाट्यगृहालगतच्या चुनखडकाच्या जुन्या खाणींमध्ये ‘डायोनिशियसचा कान’ ही गुहा आहे : उंची सुमारे २३ मीटर, लांबी सुमारे ६५ मीटर, वर निमुळती, आत एका वळणाने मागे वळलेली. सिरॅक्यूजचा जुलमी सत्ताधीश डायोनिशियस पहिला वरच्या भेगेतून कैद्यांचे बोलणे ऐके, ही हकीकत प्रत्येक वाटाड्या सांगतो. हे नाव प्राचीन नाही. १६०८ मध्ये शहरात आलेल्या काराव्हाज्जो या चित्रकाराने गुहा पाहून कानाची उपमा दिली, असे त्याला ती दाखवणाऱ्या व्हिंचेन्झो मिराबेल्लाने नोंदवले आहे. हकीकत त्या काळी रुळलेली होती. चित्रकाराच्या नजरेने तिला आकार दिला. गुहेच्या रूपाचे कारण खाणकामात शोधावे लागते. छताच्या टोकाशी एक अरुंद पाट दिसतो. तो बहुधा आधीचा, वळत गेलेला पाण्याचा पाट होय. खाणकऱ्यांनी त्याच्या वाटेने वरून कामाला सुरुवात केली आणि खाली चांगला दगड लागत गेला तसतसे रुंद होत गेले. भिंतींवरील टाकीच्या आडव्या रेघा एकावर एक उतरत येतात, त्या या मताशी जुळतात. ध्वनी मोठा होऊन घुमतो हे खरे, पण तो या आकाराचा परिणाम आहे, हेतू नव्हे.

इ. स. पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या स्वारीचा चक्काचूर झाल्यावर किमान ७,००० कैदी सिरॅक्यूजच्या खाणींत कोंडले गेले. थ्यूसिडिडीझने त्यांचा दिवसाचा शिधा लिहून ठेवला आहे : एक कोतिले पाणी आणि दोन कोतिले धान्य. कोतिले म्हणजे साधारण पाव लिटरचे माप. दिवसा ऊन, रात्री गारठा, शेजारी प्रेते, असे काहींनी आठ महिने काढले. ही खाण कोणती हे ठरलेले नाही. कापुचिनी मठाजवळील खाणीकडे बऱ्याच अभ्यासकांचा कल आहे. आज या खाणींत लिंबू-संत्र्यांची दाट सावली असते. तेथे उभे असताना ते दोन आकडे आठवावेत.

आर्किमिडीजची कबर म्हणून दाखवले जाणारे ग्रोत्तिचेल्ले येथील शिखरवजा दर्शनी भागाचे थडगे रोमन काळातील, अस्थिकुंभ ठेवण्याचे आहे. इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी शहर घेतले तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. इ. स. पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी असलेल्या सिसेरोने काटेरी झुडपांत बुडालेला, वर गोल व वृत्तचिती कोरलेला त्याचा स्तंभ शोधून काढला. सिरॅक्यूजच्या लोकांना तोवर त्याचा पत्ता नव्हता. नंतर तो पुन्हा हरवला.

अन्य : पाओलो ओर्सी पुरातत्त्व संग्रहालयात १८०४ मध्ये सापडलेली ‘लांदोलिना व्हीनस’ ही संगमरवरी मूर्ती आणि सिसिलीतील बुटक्या हत्तींचे सांगाडे आहेत. शहराच्या पश्चिमेस डायोनिशियसने इ. स. पू. ४०० च्या सुमारास बांधलेला एउरिआलुस किल्ला आहे. पांतालिकासाठी पूर्ण दिवस हवा. सर्वांत जवळचा विमानतळ कातानियाचा.

संत लुसी ही शहराची रक्षक. १३ डिसेंबरला तिची चांदीची मूर्ती कॅथीड्रलमधून निघून मुख्य भूमीवरील तिच्या दफनस्थानाच्या चर्चमध्ये जाते. काराव्हाज्जोने १६०८ मध्ये ‘संत लुसीचे दफन’ हे चित्र याच चर्चसाठी रंगवले. त्या दिवशी घरोघरी पास्त्याला, पावाला फाटा देऊन अख्खा गहू उकडून, ताज्या रिकोता चीजमध्ये साखर घालून खिरीसारखा खातात. त्याला कुच्चीया म्हणतात. २० डिसेंबरला मूर्ती बेटावर परत येते.