खिशातले बेदाणे आणि सहाव्या वर्षीची दाढ

गेल्या महिन्यात तासगावकडच्या एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोरगं सात वर्षांचं. शर्टाच्या खिशात बेदाणे, गालातही बेदाणे. चूळ भरायला लावून आरसा आत सरकवला, तर खाली उजवीकडे, अगदी मागच्या दाढेच्या खाचेत काळी रेघ. आजी म्हणाल्या, “दुधाचीच हाय न्हवं? पडंल की.”

ती दुधाची नव्हती. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे ही कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कुणाला कळतच नाही. तिच्या खाचा खोल, कवच अजून कोवळं आणि मुलांचा ब्रश तिथवर पोचत नाही. ही गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. आईवडिलांना मला सगळ्यात कळकळीने सांगायचं असतं ते हेच: मूल सहा वर्षांचं झालं की उजेडात त्याचं तोंड उघडून मागे बघा.

दात ‘किडला’ म्हणतो खरं, पण आत किडा नसतो. फ्रान्सच्या प्येर फोशार या दंतवैद्याने १७२८ सालीच ही समजूत खोडून काढली होती. तरी आपल्याकडे धुरी देऊन किडे पाडायचे प्रकार चालत आले. खरं काम करतं ते आम्ल. दातावरच्या चिकट थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. सामू (pH, म्हणजे आम्लपणाचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, विरघळू लागतं. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, त्यात जवळपास ९६ टक्के खनिज, पण आम्लापुढे त्याचं काही चालत नाही. लाळ ते आम्ल निवळवते, झिजलेल्या जागी खनिज परत बसवते. त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. तेवढ्यात पोराने खिशातून पुढचा बेदाणा काढला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून गोड किती खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात वीपेहोल्म रुग्णालयातल्या मतिमंद रुग्णांवर, त्यांची संमती न घेता, प्रयोग झाले. ते अमानुष होते, आणि त्या माणसांच्या दातांची किंमत देऊन कळलं ते असं: जेवणासोबतच्या गोडाने कीड फारशी वाढली नाही, मधल्या वेळच्या चिकट टॉफीने ती भराभर वाढली. बेदाण्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. मूठभर खायचे तर जेवणाबरोबर खावेत, दिवसभर चघळू नयेत.

रात्री झोपताना लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवू नये. पेस्ट फ्लोराइडची, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. फेस थुंकून टाकायचा, वर खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर टिकतं.

पोराची दाढ भरली, उरलेल्या तीन कायमच्या दाढांच्या खाचा सीलंटने, म्हणजे खाचा बुजवणाऱ्या पातळ लेपाने, बंद केल्या. मग आजींनी हळूच विचारलं, “दात साफ केलं की हालत्यात म्हणं?” हलवत असतो तो हिरडीखाली साचलेला दगड, म्हणजे दातावर घट्ट झालेला तोच चिकट थर. तो काढल्यावर फट दिसते, ती आधीपासूनच असते. आजींच्या हिरड्या मिश्रीने खाली सरकल्या होत्या, मुळं उघडी पडली होती. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. दुखणं घटकाभर दबतं, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हे त्यांना सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग नातवाला उठवून स्वतः खुर्चीत बसल्या.