गजांआडचे 'भले' लोक

तुरुंगातल्या माणसाला स्वतःची लाज वाटत असणार, हे आपण धरूनच चालतो. इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी थेट कैद्यांनाच विचारलं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 79 कैदी होते, बरेचसे मारहाण नि लुटीसाठी शिक्षा भोगणारे. प्रामाणिकपणा, दयाळूपणा, औदार्य अशा नऊ गुणांत त्यांनी स्वतःला इतर कैद्यांशी आणि बाहेरच्या सर्वसाधारण माणसाशी ताडून पाहायचं होतं.

इतर कैद्यांपेक्षा ते नऊही गुणांत सरस ठरले, अर्थात स्वतःच्या मते. बाहेरच्या माणसापेक्षा आठ गुणांत. उरला नववा, कायदा पाळणं. तिथे त्यांनी स्वतःला बाहेरच्यांच्या बरोबरीला बसवलं. खाली नाही!

हसण्याआधी हेही ऐका. 1981 साली स्वेन्सन या संशोधकाने वाहनचालकांना असंच विचारलं, तेव्हा त्यातले 93 टक्के अमेरिकन आपण गटाच्या मध्यकापेक्षा कुशल आहोत असं म्हणाले. मध्यक म्हणजे सगळ्यांना कौशल्यानुसार रांगेत उभं केलं की बरोबर मधला. त्याच्यापुढे फार तर निम्मे असू शकतात. (सरासरीचं तसं नसतं. काहींना एकच पाय असतो, म्हणून पायांची सरासरी दोनच्या किंचित खाली येते आणि दोन पायांचे बहुतेक सगळे 'सरासरीहून वरचे' ठरतात.)

हे घडतं कसं? मला आवडणारं उत्तर असं, की गुण जितका मोघम, तितकी त्याची पट्टी रबराची. 'दयाळू' म्हणजे काय ते ज्याचं त्याने ठरवायचं. आईची सेवा केलेला त्यावरून मोजतो, मित्रासाठी मार खाल्लेला त्यावरून. 1989 साली मानसशास्त्रज्ञ डनिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गुणाची व्याख्या नेमकी केली की हा फुगवटा ओसरतो. कैद्यांच्या नवव्या गुणाचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. तिथे निकालपत्र हातात असतं, रबर फार ताणता येत नाही. तरी बरोबरीपर्यंत ताणलंच.

समाजाची पट्टी उलट बाजूने ताणलेली. स्वतःचं वागणं आपण परिस्थितीवर ढकलतो, दुसऱ्याचं त्याच्या स्वभावावर. लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने तर 1876 मध्ये जबडा आणि कान पाहून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखायचा घाट घातला. 1913 मध्ये गोरिंग या इंग्लिश डॉक्टरने सुमारे 3000 इंग्लिश कैदी मोजले, तर तसा प्रकारच सापडेना. चेहरा वाचून माणूस सांगणारे मात्र अजून आहेत.

शिक्का किती जड असतो, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत मोजलं (2003). सारख्या पात्रतेचे तरुण नोकरीचे अर्ज घेऊन पाठवले. शिक्षेची नोंद नसलेल्या गोऱ्यांना 34 टक्के ठिकाणांहून पुढचं बोलावणं आलं, नोंद असलेल्यांना 17. काळ्या तरुणांत हेच आकडे 14 आणि 5. म्हणजे निष्कलंक काळा तरुण शिक्षा भोगलेल्या गोऱ्याच्याही मागे. आणि यातल्या कुणीच नोंदीतला गुन्हा केलेला नव्हता. नोंद फक्त अर्जावर होती.