दुर्बिणीतले चित्र पारखताना

पक्षिनिरीक्षणाचा नाद लागलेला माणूस पहिली दुर्बीण घ्यायला निघाला, की त्याचा पहिला प्रश्न ‘किती पटीची घेऊ?’ हा असतो, आणि माझ्या मते निवड चुकायला तिथूनच सुरुवात होते. वस्तू किती मोठी दिसते हे दुर्बिणीवर छापलेले असते. ती किती चांगली दिसते हे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पारखावे लागते, आणि ती पारख दुकानातल्या ट्यूबलाइटखाली होत नाही. सांगलीत त्यासाठी कृष्णेच्या घाटाइतकी सोयीची जागा नाही. १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल समोर असतो, पाण्यावर आणि काठच्या झाडांवर पक्षी असतात, आणि प्रकाश सकाळपासून संध्याकाळपर्यंत सतत बदलत असतो.

आधी छापील आकड्यांचा अर्थ पाहू. ‘८×४२’ याचा अर्थ वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते आणि पुढच्या भिंगाचा, म्हणजे वस्तुभिंगाचा, व्यास ४२ मिलिमीटर आहे. ४२ ला ८ ने भागले की सव्वापाच येतात. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा तो मिलिमीटरमधला व्यास. भर उन्हात आपली बाहुली २ ते ३ मिलिमीटर उघडी असते, म्हणून १०×२५ च्या खिशात मावणाऱ्या दुर्बिणीची अडीच मिलिमीटरची चकती दुपारी पुरते. तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि तीच दुर्बीण अंधारी वाटू लागते.

आता बारकाव्यांकडे येऊ. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिटाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील वेगळा ओळखता येतो. १०० मीटरवर हे माप सुमारे ३ सेंटीमीटर भरते, आणि आठपटीच्या दुर्बिणीतून ते साडेतीन मिलिमीटरच्या आसपास येते. प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे ४२ मिलिमीटरच्या भिंगावर जी मर्यादा पडते, ती याहून बरीच सूक्ष्म आहे. तेव्हा एकाच आकड्यांच्या दोन दुर्बिणींतून चित्र वेगळे दिसत असेल, तर फरक काचेचा, तिच्यावरच्या लेपाचा आणि जुळणीचा असतो. पुलाजवळ पाणीपातळीसाठी रंगवलेले फुटांचे आकडे, ज्यांच्याकडे पुराच्या दिवसांत सगळ्या गावाचे डोळे लागलेले असतात, ते कोरड्या दिवसांत उत्तम तपासणी-तक्ता ठरतात. दोन दुर्बिणी आळीपाळीने लावून सावलीतला आकडा पाहावा. अंक दोन्हीतून वाचता येतो, पण एकीत त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसते आणि दुसरीत ती पार्श्वभूमीत किंचित विरघळते. हा उठाव, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, हाच माझ्या लेखी चित्राचा सर्वांत मोठा गुण आहे.

उठाव का हरवतो, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रकाश हवेतून काचेत किंवा काचेतून हवेत शिरताना दर पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले, तर लेप नसलेल्या काचांमधून जवळजवळ एकतृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय तो सगळा नाहीसाही होत नाही. त्यातला काही नळीच्या आत उसळत राहतो आणि चित्रावर दुधाळ पडदा पसरवतो. १९३५ साली झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याची पद्धत शोधली, आणि लष्करी महत्त्वामुळे ती काही वर्षे गुप्त ठेवली गेली. आजच्या अनेकपदरी लेपांनी हे नुकसान दर पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्या खाली येते. खोक्यावर नुसते ‘कोटेड’ असेल तर एखाद्या-दोन पृष्ठभागांवरच एकेरी थर असू शकतो. ‘फुली मल्टिकोटेड’ याचा अर्थ हवेला लागून असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर. तेवढी तपासणी दुकानातही होते. वस्तुभिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे: ते मंद हिरवट किंवा जांभळट असावे, पांढरेशुभ्र दिसले तर तिथे लेप नाही. जत्रेतल्या दुर्बिणींची माणकासारखी लालभडक भिंगे मात्र टाळावीत, कारण ती लाल प्रकाशच परतवून लावतात आणि चित्र हिरवट-निळसर पडते.

पुढची परीक्षा पाणकावळ्याची. उजळ आकाशासमोर वठलेल्या फांदीवर पंख पसरून बसलेला पाणकावळा दिसला, की त्याच्या पंखांची कड पाहावी. साधे भिंग निळा आणि लाल प्रकाश एकाच ठिकाणी एकवटवू शकत नाही, म्हणून काळ्या कडेला एका बाजूने जांभळी आणि दुसऱ्या बाजूने हिरवट-पिवळी झालर दिसते. याला वर्णविपथन म्हणतात. चित्राच्या कडेला थोडी झालर जवळजवळ प्रत्येक दुर्बिणीत असते आणि ती खपवून घ्यावी. ऐन मध्यावर दिसली तर ती दुर्बीण खाली ठेवावी. कडेची अस्पष्टता फोकस फिरवून जात असेल, तर तोही मोठा दोष नव्हे.

दुर्बीण हातभर लांब धरून आकाशाकडे रोखली, की मघाची प्रकाशाची चकती दिसते. ती पूर्ण गोल असावी. तिच्या कडा करड्या पडून ती चौकोनी भासली, तर आतले लोलक हलक्या काचेचे असण्याची शक्यता मोठी.

माझी पहिली दुर्बीण या सगळ्यांत उतरली असती, तरी मी तिच्यामुळे फसलो. दुकानात मिनिटभर पाहिले, चित्र स्वच्छ वाटले, पैसे दिले. घाटावर अर्धा तास बसलो की कपाळ ठणकू लागे, आणि दोष मी चष्म्याला देत राहिलो. खरा दोष दोन नळ्यांच्या जुळणीत होता: दोन्ही चित्रे नेमकी एकावर एक पडत नव्हती, आणि मेंदू ती ओढून जुळवत होता. तेव्हापासून मी कोणतीही दुर्बीण सलग पंधरा मिनिटे लावून पाहिल्याखेरीज घेत नाही.

ही पारख भर दुपारी करू नये. तापलेल्या दगडी पायऱ्यांवरून आणि डांबरी रस्त्यावरून उठणारी हवा चित्र थरथरवते, आणि अशा वेळी अत्यंत महागडी काचही स्वस्त काचेसारखीच दिसते. खरा निवाडा सूर्य सांगलीवाडीच्या बाजूला उतरल्यावर होतो. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये, त्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य झाडांआड गेला, की त्याच दिशेच्या सावलीतल्या काठाकडे पाहावे. लेप कच्चा असेल तर सगळा काठ धुरकट करड्या पडद्याआड जातो. चांगल्या दुर्बिणीतून त्याच वेळी चिखलात उभ्या बगळ्याची चोच पिवळी आहे की काळी, हे सांगता येते, आणि मोठा बगळा की छोटा बगळा हे त्या रंगावरून ठरवायला मोठी मदत होते.