कथालेखनाचे पत्रद्वारा शिक्षण

कथा लिहू इच्छिणाऱ्याने घरी ठरावीक स्वाध्याय लिहायचे, ते टपालाने किंवा ई-मेलने मार्गदर्शकाकडे पाठवायचे आणि आलेल्या वैयक्तिक अभिप्रायाच्या आधारे तोच मजकूर पुन्हा लिहायचा, अशी ही अध्यापनपद्धती आहे. पुनर्लेखन हा तिचा गाभा आहे. ते वगळले तर छापील पाठांचा संच तेवढा हाती उरतो, आणि त्याला पत्रद्वारा शिक्षण म्हणता येणार नाही. ‘दूरशिक्षण’ ही संज्ञा अधिक व्यापक आहे. तीत ध्वनिचित्रफिती, संपर्क सत्रे, परीक्षा असे सर्व काही येते. ‘मुक्त शिक्षण’ या संज्ञेचा रोख प्रवेशाच्या अटी सैल असण्यावर आहे. प्रस्तुत नोंदीत लेखनावर लेखी अभिप्राय देणाऱ्या, एका मार्गदर्शकाने एका लेखकाशी चालवलेल्या शिक्षणाचा विचार केला असून उदाहरणे मुख्यतः ठाणे व नवी मुंबई परिसराची घेतली आहेत.

उगमाविषयीचे मतभेद : पत्रद्वारा शिक्षणाचा आरंभ कोठे मानावा, याविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार २० मार्च १७२८ च्या ‘बॉस्टन गॅझेट’मधील केलेब फिलिप्स या लघुलिपी (शॉर्टहँड) शिक्षकाची जाहिरात हा आरंभबिंदू होय. गावोगावच्या लोकांना दर आठवड्याला पाठ पाठवून बॉस्टनवासीयांइतकेच चांगले शिकवू, असे तीत म्हटले होते. मात्र शिकणाऱ्याने काही लिहून परत पाठवावे आणि ते तपासले जावे, अशी सोय जाहिरातीत दिसत नाही. दुसरे मत स्वीडनमधील लुंड येथील १८३३ च्या एका जाहिरातीचा आधार घेते. तीत टपालाद्वारे ‘काँपोझिशन’ शिकवण्याचा उल्लेख असल्याने लेखनाच्या अध्यापकांना ती विशेष जवळची वाटते. तथापि या शब्दाचा अर्थ निबंधरचना एवढाच घेणे सयुक्तिक ठरेल. त्यावरून ललित लेखनाच्या अध्यापनाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

तिसरे मत इंग्लंडमधील आयझॅक पिटमन यांच्या बाजूचे आहे. १० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले. त्याचा लाभ घेऊन पिटमन यांनी लघुलिपीचे पाठ पाठवले. विद्यार्थी बायबलमधील उतारे लघुलिपीत उतरवून परत पाठवीत आणि ते दुरुस्त होऊन त्यांच्याकडे येत. अनेक पुस्तकांत हा व्यवहार ‘पोस्टकार्डां’वर चाले असे छापलेले आढळते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही, कारण सरकारी पोस्टकार्ड प्रथम ऑस्ट्रियाने १ ऑक्टोबर १८६९ रोजी काढले आणि भारतात ते १ जुलै १८७९ रोजी आले. पिटमन यांची कार्डे पाकिटात घालून किंवा घडी करून जात असावीत. पाठ जाणे, उत्तर येणे आणि दुरुस्ती परत जाणे हे तिन्ही टप्पे निःसंदिग्धपणे प्रथम येथे दिसतात. त्यामुळे हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

कथालेखनापुरते पाहिल्यास विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत असे अभ्यासक्रम रूढ झाले. मासिकांना कथांची मोठी गरज होती आणि लिहिणारे दूरदूर विखुरलेले होते. १९६१ मध्ये कनेटिकट राज्यातील वेस्टपोर्ट येथे निघालेल्या ‘फेमस रायटर्स स्कूल’ने जाहिरातीत नामवंत लेखकांची नावे वापरली, पण स्वाध्याय तपासणारे वेगळेच होते. पत्रकार जेसिका मिटफर्ड यांनी १९७० मध्ये हे उघड केले आणि त्यानंतर थोड्याच काळात संस्थेचे दिवाळे निघाले. ‘माझा स्वाध्याय नेमके कोण वाचणार?’ हा प्रश्न प्रवेशापूर्वी विचारण्याची प्रथा या प्रकरणानंतर अधिक आग्रहाने सांगितली जाऊ लागली. तो आजही पहिला विचारावा.

मराठीतील पूर्वपीठिका : भारतात १८५४ च्या टपाल सुधारणेनंतर अंतर कितीही असो, पत्राला वजनानुसार एकच दर लागू लागला. विद्यापीठीय पातळीवर दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये, तर मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची आहे. स्वाध्याय, संमंत्रक (अभ्यासकेंद्रावरील मार्गदर्शक), संपर्क सत्र (प्रत्यक्ष भेटीचा वर्ग) हे शब्द मराठीत सर्वतोमुखी झाले ते प्रामुख्याने या विद्यापीठामुळे.

मराठी कथेच्या बाबतीत मात्र खरी पूर्वपीठिका नियतकालिकांच्या संपादकीय पत्रव्यवहारात शोधावी लागते. ‘सत्यकथा’ (१९३३–८२) या मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत व राम पटवर्धन लेखकांना कथेवर सविस्तर पत्रे लिहीत, फेरलेखन सुचवीत आणि नवा खर्डा पुन्हा वाचत. याला कोणी अभ्यासक्रम म्हटले नाही, शुल्कही नव्हते. तरीही पाठवणे, अभिप्राय, पुनर्लेखन हे चक्र तेथे पूर्ण होत असे. कथेचे तंत्र शिकवता येते, हा ना. सी. फडके यांचा आग्रह आणि त्याला झालेला विरोध मराठी समीक्षेत परिचित आहे. पत्रद्वारा शिक्षणाचा अनुभव मधल्या बाजूला झुकतो: अनुभव देता येत नाही, पण लिहिलेल्या मजकुराकडे परक्याच्या नजरेने पाहण्याची सवय निश्चित लावता येते.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९३ ची, म्हणजे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या (१८९८) आधीची आहे. शहरात १९६०, १९८८ व २०१० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली. वाचकवर्ग असा जुना आणि जवळचा असूनही येथे दूरशिक्षणाची गरज भासते, ती अंतरापेक्षा वेळेमुळे. घोडबंदर रस्त्यावर राहणारा किंवा खारघरहून नोकरीसाठी निघणारा माणूस रात्री आठनंतर ठाण्याच्या नौपाड्यातल्या वर्गाला पोहोचू शकत नाही. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तो एक पान लिहू शकतो.

स्वाध्यायांची रचना : सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात साधारणतः दहा ते बारा स्वाध्याय असतात. पहिले तीन-चार ३०० ते ५०० शब्दांचे: एक जागा, एक माणूस काम करताना, दोघांचे बोलणे. मधले ८०० ते १००० शब्दांचे प्रसंग असतात. शेवटी २००० ते ३००० शब्दांची एक कथा, तिचे किमान दोन खर्डे धरून. पहिल्याच महिन्यात पूर्ण कथा मागवणारे अभ्यासक्रम टिकत नाहीत असे दिसते. कच्च्या कथेत दोष इतके एकमेकांत गुंतलेले असतात की मार्गदर्शकाला कोठून सुरुवात करावी ते कळत नाही आणि लिहिणाऱ्याला सगळेच चुकले असे वाटते.

एक स्वाध्याय नीट वाचून पत्र लिहायला दीड ते दोन तास लागतात. पंधरवड्याला एक स्वाध्याय धरला, तर दहा जणांमागे मार्गदर्शकाचे पंधरा ते वीस तास जातात. म्हणून नोकरी सांभाळणाऱ्या मार्गदर्शकाने एका वेळी आठ-दहापेक्षा अधिक जण घेऊ नयेत. संख्या वाढली की पत्रे आखूड होतात, मग एकसारखी होतात आणि ‘छान, लिहीत राहा’ यावर येऊन थांबतात.

अभिप्राय : पहिले वाचन हातात पेन्सिल न घेता करायचे असते. कंटाळा कोठे आला, कोणते पात्र लक्षात राहिले, हे पहिल्या वाचनातच कळते आणि खुणा करू लागले की हरवते. दुसऱ्या वाचनात समासात टिपा करायच्या, त्या शक्यतो प्रश्नरूपाने. त्यानंतर ४०० ते ६०० शब्दांचे पत्र. त्यात कथेत काय घडते ते मार्गदर्शक आधी स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळींत सांगतो. ही पायरी अनेकदा गाळली जाते, पण लिहिणाऱ्याला सर्वाधिक उपयोग तिचाच होतो. आपल्याला अभिप्रेत असलेली कथा आणि पोहोचलेली कथा यांतील फरक त्याला तेथेच दिसतो. पुढे साधलेल्या जागा आणि बदलायच्या जास्तीत जास्त तीन गोष्टी.

शुद्धलेखनाच्या सर्व चुका पहिल्या खर्ड्यात दुरुस्त करू नयेत. तसे केल्यास लिहिणारा त्या वेलांट्या-उकार सुधारतो आणि पुनर्लेखन झाले असे समजतो. एकाच प्रकारची चूक वारंवार येत असेल तर ती एकदाच नियमासह दाखवावी. मराठीत एका दोषाकडे मात्र आरंभीच लक्ष वेधावे लागते: निवेदनात ‘केले, गेले’ आणि ‘केलं, गेलं’ यांची सरमिसळ. दोन्ही रूपे चालतात, पण निवेदकाचा आवाज एकच हवा. तीच गोष्ट काळाची. ‘तो उठला’ने सुरू झालेला परिच्छेद ‘तो दार उघडतो’वर गेला, तर त्यामागे कारण असले पाहिजे.

अभिप्रायाचे काम कसे चालते, हे एका नमुना वाक्यावरून स्पष्ट होईल. स्वाध्यायातले वाक्य : ‘सासूबाई गेल्यानंतर सुमनला खूप एकटे वाटू लागले.’ समासातील प्रश्न : ‘हे सुमनला प्रथम कधी, कोणते काम करताना कळले?’ दुसऱ्या खर्ड्यात वाक्य असे येते : ‘सुमनने सवयीने दोन कप चहाचे आधण ठेवले. एक कप ती प्यायली. दुसऱ्यावर साय धरली तरी ती ओट्याशी उभीच होती.’ पुढच्या पत्रात मार्गदर्शक ‘सवयीने’ हा एकच शब्द काढून वाचायला सांगतो, कारण दोन कपांनी सवय आधीच सांगितली आहे. ‘एकटे’ हा शब्द आता मजकुरात कोठेही नाही. मार्गदर्शकाने येथे स्वतःचे एकही वाक्य दिलेले नाही, हे महत्त्वाचे. तयार वाक्य सुचवले की ते खर्ड्यात जसेच्या तसे उतरते आणि कथेत दोन माणसांचे आवाज येऊ लागतात.

स्थळकाळाची पडताळणी : स्थानिक कथांत स्थळ आणि काळ न जुळण्याची चूक हमखास सापडते. वाशीपर्यंत लोकल १९९२ मध्ये आली. त्यामुळे १९८५ सालच्या कथेतील नायिका मुंबईहून वाशीला आली, तर ती १९७३ मध्ये खुल्या झालेल्या खाडीपुलावरून रस्त्यानेच आली पाहिजे. ठाणे-वाशी मार्गावर प्रवासी गाड्या २००४ पासून धावू लागल्या, आणि ऐरोलीच्या आधीचे दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. २०१० सालच्या प्रसंगात गाडी दिघा गावला थांबली, की त्या भागातला वाचक कथेतून बाहेर पडतो. बेलापूर-पेंधर मेट्रोही नोव्हेंबर २०२३ ची आहे. मार्गदर्शक परगावचा असेल तर या चुका त्याच्या नजरेतून सुटतात. म्हणून कथेच्या पहिल्या पानावर, कंसात का होईना, साल लिहून पाठवण्याची पद्धत उपयोगी पडते. छापताना ते काढता येते.

बोलीचे लेखन : या पट्ट्यातील कथांत आगरी-कोळी पात्रे स्वाभाविकपणे येतात. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चे ‘डोला’ अशी उच्चारांची ठळक वैशिष्ट्ये वरवर चिकटवून संवाद बोलीत होत नाहीत; वाक्याची ठेवण आणि शब्द बोलीचेच लागतात. बोली ऐकून माहीत नसेल तर पात्राचे बोलणे साध्या मराठीत ठेवावे. बोली अचूक असेल तर मार्गदर्शकाने ती प्रमाणभाषेत ‘सुधारू’ नये. असे सुधारलेले स्वाध्याय परत आल्यावर लिहिणारे पुढे त्या पात्रांवर लिहिणेच सोडतात, आणि हे नुकसान फार मोठे आहे.

हस्तलिखित व टंक : हाताने लिहिल्यास कागदाच्या एकाच बाजूला, एक ओळ सोडून आणि डावीकडे सुमारे चार सेंटिमीटर समास ठेवून लिहावे. प्रत्येक पानावर क्रमांक व नाव हवे. अशा ए-फोर पानावर साधारण दीडशे शब्द मावतात. ८० जीएसएमचा असा कागद सुमारे पाच ग्रॅमचा असतो. बारा पानांचा स्वाध्याय म्हणजे साठ ग्रॅम आणि वर पाकीट. तिकीट कमी लावले तर तो ‘नॉटपेड’ होतो आणि भुर्दंड मार्गदर्शकाला पडतो. झेरॉक्स स्वतःजवळ ठेवल्याशिवाय काहीही टपालात टाकू नये.

संगणकावर टंकलेला मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्रीलिपीसारख्या जुन्या टंकात (फाँटमध्ये) लिहिलेली फाइल तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली की चिन्हांचा खिचडा दिसतो. रूपांतर केल्यास ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, म्हणून ऱ्य-ऱ्ह असलेले शब्द रूपांतरानंतर शोधून तपासावे लागतात. व्हॉट्सॲपवर पानांचे फोटो पाठवल्यास क्रम उलटसुलट होतो. सर्व पाने एका पीडीएफमध्ये घ्यावीत. ध्वनिसंदेशातून दिलेला अभिप्राय आपुलकीचा वाटतो, परंतु तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी त्यातले नेमके वाक्य सापडत नाही. संवाद कानाला कसे लागतात हे वाचून दाखवण्यापुरता तो चांगला.

प्रमाणपत्र व हक्क : पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ नुसार विद्यापीठांना व तत्सम मान्य संस्थांनाच आहे. खासगी अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र पूर्ण केल्याची नोंद तेवढी असते. अभिप्राय दिल्याने मार्गदर्शक कथेचा सहलेखक ठरत नाही. कथेचा स्वामित्वहक्क लिहिणाऱ्याकडेच राहतो. उत्तम स्वाध्याय पुढील तुकडीला नमुना म्हणून दाखवायचा असेल तर लेखी संमती घ्यावी. शेवटची कथा दिवाळी अंकासाठी पाठवायची असल्यास बहुतेक संपादक पावसाळ्यातच साहित्य मागवतात. त्यामुळे अभ्यासक्रम डिसेंबर-जानेवारीत सुरू केलेला बरा, म्हणजे दुसरा खर्डा जूनपर्यंत हातात येतो.