लॉनचं बी नंतर घ्या, आधी अंगणातलं एक ढेकूळ पाण्यात टाकून बघा

पहिला पाऊस झाला की नागपुरातल्या नर्सऱ्यांमध्ये लॉनच्या बियाण्याची पाकिटं धडाधड खपतात, आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या बऱ्याच अंगणांत गवत कमी आणि लव्हाळा, गाजर गवतच जास्त माजलेलं असतं. मग खापर बियाण्यावर. बी बोगस होतं, जुनं होतं, मुंग्यांनी नेलं. मुंग्या नेतात हे खरंय, पण हजार-दोन हजार स्क्वेअर फुटांचं लॉन नव्यानं करायचं असेल ना, तर बी टाकणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. बाकी सगळी मेहनत मातीची, आणि ती जूनमध्ये नाही, एप्रिलमध्ये सुरू होते.

आपलं शहर दख्खनच्या लाव्हाच्या पार पूर्वेकडच्या काठावर बसलंय. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो लाव्हा थिजून बेसाल्ट झाला आणि बेसाल्ट झिजून काळी माती. सीताबर्डीची टेकडी त्याच दगडाची. हिंगणा, वर्धा रोडकडे गेलात तर हाच खडक, कामठीकडे मात्र वालुकाश्म लागतो आणि भंडारा रोडनं अजून पूर्वेला गेलात की ग्नाइससारखे त्याहून कितीतरी जुने खडक, त्यामुळे मनीषनगरातल्या मित्राचा फॉर्म्युला कामठीतल्या अंगणात चालेलच असं काही नाही. त्यात नवीन प्लॉटवर बिल्डरनं मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचा मलबा टाकून वरून चार इंच काळी माती पसरवलेली असते, ते वेगळंच प्रकरण. आधी कुदळीनं फूटभर खोल खणून खाली काय आहे ते बघा. मलबा असेल तर तो उचलल्याशिवाय पुढे काही करण्यात अर्थ नाही.

काळ्या मातीची खोड तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीत असते. हिचे कण इतके बारीक की साध्या मायक्रोस्कोपखाली सुद्धा धड दिसत नाहीत, आणि प्रत्येक कण म्हणजे वहीच्या पानांसारखे एकावर एक थर. पाणी मिळालं की ते थरांच्या मधे शिरतं, थर फाकतात, माती फुगते, पाणी गेलं की आकसते. मे महिन्यात अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच्यामुळेच. सुरुवातीचा पाऊस या भेगांमधून गटागट खाली जातो, आपल्याला वाटतं वा, काय निचरा आहे! पण एकदा माती फुगून भेगा बंद झाल्या की पाणी तासाला जेमतेम काही मिलीमीटर मुरतं, आणि जुलैत चार दिवस झड लागली की मुळांना हवाच मिळत नाही. म्हणजे गवताची मुळं उन्हाळ्यात तुटतात आणि पावसाळ्यात गुदमरतात.

आता तो ढेकळाचा प्रयोग, याला पैसे लागत नाहीत. वाळलेल्या मातीचं बोराएवढं ढेकूळ घ्या आणि काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घेऊन त्यात हळूच सोडा. बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांमुळे निकाल फसवा येतो. ढवळायचं नाही, हलवायचं नाही. पाच-दहा मिनिटांत बुडबुडे येऊन ढेकूळ ढासळलं पण पाणी स्वच्छ राहिलं, तर मातीत सेंद्रिय भाग कमी आहे, कण धरून ठेवणारा डिंक नाही, असं समजायचं. शेणखत-कंपोस्ट हेच औषध. पण दोन तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, ढेकळाभोवती दुधासारखा गढूळ ढग दिसला तर मामला वेगळा. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून पाण्यात तरंगतायत, आणि याचं नेहमीचं कारण म्हणजे सोडियम जास्त असणं. अशा मातीत जिप्सम खरंच कामाचं, कारण त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकून लावतं आणि मग पाण्यासोबत सोडियम खाली निघून जातं. अकोला-अमरावतीकडच्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जिप्समची शिफारस होते ती यासाठी. ढग दिसला नाही तर जिप्समची गोणी आणू नका, आपल्या मातीत चुनखडीच्या रूपात कॅल्शियम आधीच भरपूर असतं.

चुनखडीवरून आठवलं. परदेशी व्हिडिओ बघून लॉनमध्ये चुना टाकणारे लोक मी पाहिलेत. तिकडे बऱ्याच ठिकाणी माती आम्लधर्मी असते म्हणून ते चुना टाकतात, आपल्याकडच्या काळ्या मातीचा पीएच बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठच्या मधे, म्हणजे आधीच अल्कधर्मी, तिथे अजून चुना कशाला? या पीएचला लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही आणि पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात. तेव्हा युरियाचा मारा करण्यापेक्षा हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम टाकून संध्याकाळी फवारा, फरशीवर उडालं तर तांबडे डाग पडतात एवढं सांभाळा. नेमकं काय कमी आहे हे कळायचं असेल तर आठ-दहा ठिकाणची सहा इंचापर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचं मुख्यालय आपल्या अमरावती रोडवर आहे, आणि त्याच गावात आपण माती न तपासता खतं टाकतो, काय बोलावं.

सगळ्यात महागडा गैरसमज रेतीचा. "माती चिकट आहे ना, दोन ट्रॉल्या कन्हानची रेती टाका." हिशोब करून बघा. हजार स्क्वेअर फूट, सहा इंच खोल, म्हणजे पाच ब्रास माती (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). त्यात निम्मी चिकणमाती धरली आणि तिचं प्रमाण २० टक्क्यांवर आणायचं म्हटलं तर सात-साडेसात ब्रास रेती लागेल, आणि अंगण नऊ इंच वर येईल ते वेगळंच, पावसाचं पाणी पोर्चमध्ये. त्यापेक्षा कमी रेती टाकली तर तिचे दाणे चिकणमातीत नुसते रुतून बसतात, मधे पोकळी तयार होतच नाही आणि वाळल्यावर माती आधीपेक्षा कडक. चांगलं कुजलेलं, चाळलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन इंच पसरा, हजार फुटाला पावणेदोन ब्रासच्या आसपास लागतं, आणि ते वरच्या सहा इंचात मिसळा. कच्चं शेण मात्र नको, त्यातून तणाचं बी आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, दोन्ही येतात.

तणाचं काय करायचं, तर आपल्याकडे फुकटात मिळणारी एक गोष्ट आहे, ऊन. २३ मे २०१३ ला इथं पारा ४७.९ वर गेला होता, दरवर्षी तेवढं नसलं तरी ४४-४५ आपल्याला नवीन नाही. इस्रायलमध्ये याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून उन्हानं माती तापवायची पद्धत मांडली, ती मे महिन्यातल्या नागपूरसाठीच काढली की काय असं वाटतं. एप्रिलच्या शेवटी खणून, सपाट करून, भरपूर पाणी द्यायचं आणि पारदर्शक पातळ प्लास्टिक मातीला चिकटून अंथरायचं, कडा मातीत दाबायच्या, चार ते सहा आठवडे विसरून जायचं. काळं प्लास्टिक नाही हां. काळं स्वतःच तापतं आणि उष्णता हवेत सोडून देतं, पारदर्शकमधून ऊन आत जाऊन माती तापते आणि वाफ बाहेर पडत नाही. ओलावा यासाठी की ओल्या मातीतून उष्णता खोलवर जाते आणि पाणी पिऊन फुगलेलं बी कोरड्या बियापेक्षा लवकर मरतं. वरच्या दोन इंचात पन्नास अंशांच्या वर तापमान जातं, बहुतेक तणांचं बी तिथेच संपतं. लव्हाळा मात्र यातून वाचतो, त्याच्या गाठी खोल असतात आणि एकीला दुसरी जोडलेली. रोटाव्हेटर फिरवला तर त्या तुटून सगळीकडे पसरतात, म्हणून लव्हाळा असलेल्या जागी आधी कुदळीनं खणून गाठी वेचायच्या, कंटाळवाणं काम आहे पण इलाज नाही.

प्लास्टिक काढलं की परत खोल खणू नका, नाहीतर खालचं जिवंत बी वर येतं. वरवर दंताळं फिरवायचं, तेही वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबली, गोळा झाला, आणि बोटानं टोचल्यावर तो फुटला तर वाफसा आहे, बोट नुसतं रुतलं तर नाही. काळ्या मातीत ही वेळ फार थोडी असते, आज चिखल आणि परवा दगड. आमच्याकडे येणारा माळी हातात माती घेऊन म्हणतो, "साहेब, चिपकून राहिली, उद्या पाहू," आणि निघून जातो. राग येतो, पण बरोबर तोच असतो. ओल्या मातीवर मशीन आणि माणसं फिरली की ती दबून जी टणक होते ती पुढचे कित्येक महिने सुटत नाही. उताराचं बघून घ्या, शंभर फुटाला एक-दीड फूट, घरापासून बाहेरच्या बाजूला, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाइप यासाठी पुरते. एकदा पाणी देऊन माती बसू द्या, खड्डे पडतील तिथे भरा.

बी हरळीचं. गणपतीला वाहतो तीच दूर्वा, फक्त लॉनच्या जाती बारीक पानांच्या. ही सी-फोर प्रकारची वनस्पती, म्हणजे पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून मग वापरते, त्यामुळे ३०-३५ अंशाला जोमात वाढते. केंटकी ब्लूग्रास, राय वगैरे थंड हवेची गवतं सी-थ्री, म्हणजे ही सोय नसलेली, त्यांचं काम अशा उन्हात बिघडतं. सप्टेंबरमध्ये बी टाका असं ज्या व्हिडिओत सांगतात ते त्या गवतांसाठी असतं. आपल्याकडे जूनच्या शेवटी, पाऊस स्थिरावला आणि दोन-तीन दिवस उघडीप मिळाली की टाकायचं. एका ग्रॅममध्ये चार हजारांच्या आसपास दाणे, त्यामुळे हजार फुटाला अर्धा किलो म्हणजे चौरस फुटाला दोन हजार दाणे झाले, पुरे. जास्त टाकलं तर रोपं दाटीत लांबुळकी होतात आणि पावसाळी दमटपणात बुरशीनं कोलमडतात. कोरड्या रेतीत मिसळून (इथे रेती चालते) निम्मं उभं, निम्मं आडवं फेकायचं, दंताळ्याच्या पाठीनं हलकं ओढायचं. पाव इंचाच्या खाली गेलं तर एवढ्याशा दाण्यात वर येण्याइतका साठाच नसतो. वरून रोलर किंवा फळी दाबा आणि धानाची तणस विरळ पसरा, माती दिसली पाहिजे इतकी विरळ, म्हणजे सर आली तरी बी वाहून एका कोपऱ्यात जमत नाही.

टरफल काढलेलं बी आठवड्याभरात फुटतं, टरफलासकट असेल तर दोन-तीन आठवडे. तोवर वरचा अर्धा इंच कोरडा पडू द्यायचा नाही, पाऊस दांडी मारेल त्या दिवशी बारीक फवाऱ्यानं दोन-तीनदा पाणी. गवत दोन-अडीच इंच झालं की पहिली कापणी, एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही, पातं धारदार पाहिजे. युरिया द्यायचाच तर थोडा आणि लगेच पाणी, उघड्यावर पडलेला युरिया आपल्या पीएचला आणि उन्हात अमोनिया होऊन उडून जातो. कडुलिंबाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत हरळी येणार नाही, तिथे कितीही वेळा बी टाका, ती जागा सरळ कुंड्यांना द्या. आणि डिसेंबर-जानेवारीत पारा आठ-दहावर आला की सगळं लॉन तपकिरी पडेल, लोक घाबरून खत ओततात. मेलेलं नसतं ते, खालची धावती खोडं जिवंत असतात, पंधरवड्यातून एखादं पाणी द्या, फेब्रुवारीच्या शेवटी परत हिरवं होतं.